चार तारखेची बग्गी

४ मार्च, ४ जून, ४ सप्टेंबर, ४ डिसेंबर. अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१-६५) उत्तरेच्या बाजूने लढलेल्या आणि पेन्शन मिळणाऱ्या शिपायांना १८८०च्या दशकात या तारखा तोंडपाठ असत. १८७०च्या कायद्यापासून पेन्शन तिमाहीने मिळू लागली होती. (पुढे पेन्शन वाटणाऱ्या देशभरच्या सरकारी एजन्सींचे तीन गट करून महिने वाटून दिले, पण चार तारीख कायम राहिली.) आपल्याकडे पेन्शनर मंडळी दर नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला देतात. या शिपायांना तसलाच दाखला वर्षातून चारदा द्यावा लागे, आणि बँक शेजारच्या गल्लीत नव्हती.

पद्धत अशी होती. छापील व्हाउचर, म्हणजे हप्ता मागायचा कागद, घेऊन नोटरीपुढे किंवा जस्टिस ऑफ द पीसपुढे (गावातल्या लहान न्यायाधीशापुढे) जायचं. सोबत पेन्शनचं मूळ प्रमाणपत्र न्यायचं. 'हाच तो माणूस' असं सांगणारे दोन साक्षीदार न्यायचे. सही करायची, लिहिता येत नसेल तर फुली मारायची. मग तो कागद टपालाने पेन्शन एजंटकडे जाई आणि तिथून चेक येई. चार तारखेच्या आधी केलेली सही चालत नसे. म्हणजे हवा बरी आहे, रस्ता कोरडा आहे, आजच उरकून टाकू, ही सोयच नव्हती.

यादवी युद्धाच्या पेन्शनीवर भरपूर लिहिलं गेलंय. कोणत्या कायद्याने किती डॉलर, कोणत्या पक्षाला किती मतं, सगळं सापडतं. पण खेड्यातल्या म्हाताऱ्या शिपायाच्या दृष्टीने पेन्शन हा आधी मैलांचा प्रश्न होता. मैल, घोडा, चाक आणि बग्गीत चढू शकणारं शरीर, या चारांपैकी एक जरी कमी पडलं तरी कागदावरचे डॉलर कागदावरच राहत.

अमेरिकेतल्या आयोवा राज्याचंच उदाहरण घ्या. तिथली जमीन सरकारने चौकटीत मोजलेली. एक मैल लांब, एक मैल रुंद असा एक सेक्शन, आणि छत्तीस सेक्शनांची एक टाउनशिप. रस्ते या सेक्शनांच्या हद्दीवरून गेले, म्हणजे एक तर पूर्व-पश्चिम नाही तर उत्तर-दक्षिण. तिरपं जायला वाट नाही. अनेक काउंट्या (आपल्या जिल्ह्यासारखे विभाग) साधारण २४ मैल लांब-रुंद आणि मुख्य गाव मधोमध. कोपऱ्यावरच्या शेतातून मुख्य गावी जायचं तर १२ मैल सरळ, मग काटकोनात वळून आणखी १२. एकूण २४ मैल, म्हणजे जवळपास ३९ किलोमीटर. बग्गीचा घोडा बऱ्या रस्त्यावर तासाला सहा-सात मैल धरतो. म्हणजे एका बाजूचे पावणेचार तास, तेही रस्ता बरा असेल तर. परतीचे तेवढेच. मध्ये घोड्याला विसावा, दाणापाणी. व्हाउचरची सही जवळच्या लहान गावात होऊन जाई, पण पेन्शन किती ते ठरवणाऱ्या डॉक्टरी तपासणीसाठी बहुतेक वेळा मुख्य गावच गाठावं लागे.

आता ही बग्गी म्हणजे नेमकं काय? आपल्या डोळ्यांपुढे टांगा येतो. टांग्याला दोन चाकं, बग्गीला चार. पियानोच्या खोक्यासारखी उथळ पेटी, तिच्यावर दोघांपुरती एकच बैठक, खाली पुढे-मागे लंबगोल पोलादी स्प्रिंगा, आणि पुढे दोन दांड्यांमध्ये एक घोडा. सगळा सांगाडा हिकरीच्या लाकडाचा, कारण हिकरी बारीक तासली तरी लवते, मोडत नाही. वजन दीडशे-पावणेदोनशे किलोच्या आसपास. १९००च्या सुमारास टपालाने माल पाठवणाऱ्या कंपन्यांच्या कॅटलॉगमध्ये साधी बग्गी २५ ते ५० डॉलरांना मिळे. ज्याची पेन्शन महिना १२ डॉलर, त्याला ती दोन ते चार महिन्यांची पेन्शन पडली.

मागवताना एक चूक हमखास होई. दोन चाकांमधलं अंतर दोन मापांत येई, ४ फूट ८ इंच आणि ५ फूट २ इंच. दक्षिणेत रुंद माप चाले. आपल्या भागातल्या गाड्यांचं माप कोणतं हे न बघता भलतंच मागवलं, तर चाकं रस्त्यातल्या चाकोरीत बसत नसत. एक चाक चाकोरीत आणि दुसरं उंचवट्यावर, अशी बग्गी सगळा रस्ता एका अंगावर कलून चाले. कमरेत गोळी खाल्लेल्या माणसाने असे आठ मैल बसून काढायचे म्हणजे काय, याचा विचार करा.

चार तारखांमध्ये सगळ्यात वाईट मार्चची. आयोवातली जमीन काळी, चिकट. आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या कापसाच्या जमिनीत पहिल्या पावसानंतर गाडी हाकलेल्या माणसाला अधिक सांगायला नको. हिवाळाभर ती दगडासारखी गोठते आणि मार्चच्या सुरुवातीला वरचा थर सुटायला लागतो. खालचा गोठलेलाच असल्याने पाणी मुरत नाही. मग वीतभर राड. ती चाकाला चिकटते, आऱ्यांमध्ये भरते, पेटीच्या तळाला घासते. एका फळकुटाने ती खरवडायला दर थोड्या अंतरावर खाली उतरायचं, पुन्हा चढायचं. धडधाकट माणसाला हा कंटाळा, पण लाकडी पाय लावलेल्या माणसाला तो पाय चिखलात रुतवून उपसायचा. कृत्रिम पाय बहुधा विलोच्या हलक्या लाकडाचा, वरून कातडं चढवलेला. ओल शिरली की कातडं फुगायचं, आणि खोबणीत मांडीचा थोटूक घासून सोलवटायचा. सरकार पायासाठी ७५ डॉलर आणि हातासाठी ५० डॉलर देई, १८७० पासून दर पाच वर्षांनी आणि १८९१ पासून दर तीन वर्षांनी. अवयव नको असेल तर तेवढे रोख मिळत. पुष्कळांनी रोख घेतले आणि कुबडीवरच भागवलं. घासणाऱ्या पायापेक्षा कुबडी बरी, असं वाटणाऱ्याला दोष देता येत नाही.

जूनची तारीख मक्याच्या कोळपणीत येई. घोडा आठवडाभर शेतात राबलेला, त्याच्या खांद्याला गळपट्टीचे फोड. सप्टेंबरचा रस्ता मात्र छान, कोरडा, टणक. पण तेव्हा चाक दगा देई.

चाकाचं गणित आपल्या बैलगाडीसारखंच. मध्ये तुंबा, त्यातून निघालेले आरे, आऱ्यांवर लाकडी घेर आणि घेरावर लोखंडी धाव. उन्हाळाभर कोरडी हवा खाऊन लाकूड आटतं. लोखंड आटत नाही. मग धाव सैल पडते, आरे तुंब्यात खिळखिळे होतात आणि चाक चालताना कुरकुरायला लागतं. घाईचा उपाय म्हणजे रात्रभर चाकं ओढ्याच्या पाण्यात उभी करणं. लाकूड फुगतं, धाव आवळते, दुसऱ्या दिवशीची फेरी निभते. पण पाणी प्यालेलं लाकूड पुन्हा वाळलं की आधीपेक्षा जास्त सैल होतं, आणि दोन-तीन हंगाम असं केलं की आऱ्यांची टोकं आतून कुजायला लागतात. खरा उपाय लोहाराकडे. तो धाव उतरवतो, एक चकती घेराच्या बाहेरून फिरवून माप घेतो, तीच चकती धावेच्या आतून फिरवतो आणि घेरापेक्षा धाव किंचित आखूड करतो. मग धाव जाळात तापवून फुगवायची, चाकावर चढवायची आणि लाकूड जळायच्या आत पाणी ओतायचं. निवताना धाव आवळते आणि सगळे सांधे गच्च बसतात. आपल्याकडचा लोहार हेच करतो. फरक एवढाच की बग्गीचं चाक बारीक आऱ्यांचं, नाजूक. बैलगाडीच्या चाकाला चालेल एवढी ओढ इथे दिली तर चाक वाकतं. मुळातच ते बशीसारखं जरा खोलगट असतं, ते वाडग्यासारखं होतं आणि पुढच्या खड्ड्यात आरे मोडतात. बग्गीच्या धावेत एक-दोन सुतांची चूकही महागात पडते.

आसाला वंगण घालायची रीतही वेगळी. बैलगाडीला जाड वंगण चालतं. बग्गीच्या आसावर चाक इतकं घट्ट बसवलेलं असतं की तिथे एरंडेलाचे काही थेंब पुरतात. चाकी (आसाच्या टोकाचा नट) सोडायची, चाक अर्धं बाहेर ओढायचं, जुनं काळं तेल पुसायचं, नवं घालायचं, चामड्याची चकती झिजली असेल तर बदलायची. ती झिजली की चाक आसावर मागे-पुढे आपटत चालतं. ध्यानात ठेवायचं ते एवढंच की उजव्या बाजूच्या चाकीचे आटे नेहमीसारखे आणि डाव्या बाजूचे उलटे असतात. चाकाच्या फिरण्यानं चाकी सुटू नये म्हणून ही योजना. हे ठाऊक नसलेला नवखा गडी डावी चाकी सोडायला जाऊन ती आणखी आवळतो आणि आटे मारून ठेवतो.

डिसेंबरात रस्ता गोठलेला. चाकोऱ्या दगडी पन्हळीसारख्या कडक, त्यात चाक आदळलं की हादरा थेट पाठीच्या मणक्यात. नाल सपाट असेल तर घोडा बर्फावर घसरतो, म्हणून थंडीपुरते टोकदार खुंट्यांचे नाल ठोकून घ्यावे लागत. म्हाताऱ्यांना खरं तर वर बर्फाचा जाड थर हवा असे. तो पडला की बग्गी ठेवून घसरगाडी काढायची. तिला हादरे नाहीत.

आणि थंडीतली एक गोष्ट कधीच विसरायची नाही. लगामाची लोखंडी कडी रात्रभर तबेल्यात गारठलेली असते. ती तशीच घोड्याच्या तोंडात घातली तर जिभेला चिकटते आणि काढताना कातडी सोलून निघते. म्हणून कडी आधी तळहातात धरून, काखेत दाबून किंवा कोमट पाण्यात बुडवून ऊबदार करायची. एकदा जीभ सोललेला घोडा पुढे महिनोन्‌महिने लगाम दिसला की मान वर करतो. खांदा वर उचलता न येणाऱ्या संधिवाताच्या माणसाला मग तो लगाम चढवता येत नाही.

जुंपण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी छातीपट्टा, पाठीवरची गादी, पुठ्ठ्यामागचा पट्टा. मग लगाम आणि झापडं. मग दांड्या दोन्ही बाजूंच्या कड्यांत सरकवायच्या, ओढीचे पट्टे जोडायचे आणि सगळ्यात शेवटी मागच्या पट्ट्याच्या वाद्या. सोडताना बरोबर उलट. ओढीचे पट्टे जोडायच्या आधी मागच्या वाद्या बांधल्या आणि घोडा दोन पावलं पुढे सरकला, तर सगळी गाडी त्याच्या पुठ्ठ्यावर ओढली जाते आणि तो बिथरतो. बग्गीला जुंपलेला असताना लगाम काढायचा नाही, हा तर पहिला नियम. झापडं निघाली की मागे फिरणारी चाकं घोड्याला एकदम दिसतात, आणि तो जो उधळतो तो बग्गीचे तुकडे झाल्यावरच थांबतो. एका हाताच्या माणसाला या सगळ्यात अडतात ती बक्कलं. ती दोन हातांची आहेत. पट्टा दातांत धरून बक्कल लावता येतं, पण सोपा मार्ग म्हणजे बक्कलांच्या जागी एका हाताने उघडणाऱ्या स्प्रिंगच्या कड्या बसवून घेणं. खोगीरवाला हे काम किरकोळ पैशांत करून देई.

आता चढणं. बग्गीची पुढची आणि मागची चाकं इतकी जवळ असतात की मधून पाय घालायला जागा राहत नाही. म्हणून घोड्याला जरा उलट बाजूला वळवायचं. त्याबरोबर पुढचा आस फिरतो आणि आपल्या बाजूला चाकांमध्ये फट मोठी होते. मग लोखंडी पायरीवर पाय ठेवून वर. पण जास्त वळवलं तर पुढचं चाक पेटीला घासतं, गाडीचा तोल जातो, आणि अशा वेळी घोड्याने पाऊल टाकलं की बग्गी आडवी. म्हाताऱ्या माणसासाठी दुसऱ्या कुणीतरी घोड्याच्या तोंडाशी उभं राहायला हवंच. हे काम बहुतेक घरांत बायकोचं असे, पुढे नातवाचं. कायद्याने दोन साक्षीदार मागितले होते, पण घोडा धरणारा हा तिसरा माणूस कुठल्याही कागदावर नाही.

एवढं करून मुख्य गावी पोचलं की पुढे डॉक्टरांचं मंडळ. तिघे डॉक्टर, बहुधा बुधवारी बसणारे. उंची, वजन, नाडी, श्वास, ताप. फॉर्मवर माणसाच्या पुढच्या-मागच्या अंगाची छापील रेखाकृती असे, तिच्यावर जखमेची खूण करायची. पावणेचार तास हादरे खाऊन आलेल्या माणसाची नाडी इथे मोजली जाई, हे त्या फॉर्मवरचे आकडे वाचताना लक्षात ठेवावं. मोजायचं काय, तर अंगमेहनतीची ताकद किती गेली ते. निकाल अपूर्णांकात, ६/१८, १०/१८ असा. १८६२च्या कायद्यात साध्या शिपायाच्या पूर्ण अपंगत्वाला महिना ८ डॉलर होते. तुटलेल्या अवयवांचे दर वेगळे आणि ठरीव. १८८६ पासून हात किंवा पाऊल गेलं तर ३० डॉलर, कोपराच्या किंवा गुडघ्याच्या वर ३६, थेट खांद्यापासून किंवा खुब्यापासून गेलं तर ४५.

तुटलेला हात दिसतो, त्यामुळे तो दावा सोपा. खरी अडचण न दिसणाऱ्या दुखण्यांची, आणि छावणीतून घरी आलेली दुखणी बहुतेक तशीच होती. जुनाट हगवण, संधिवात, मूळव्याध, अंतर्गळ. हगवण असलेल्या माणसाला बग्गीत चार तास बसवणं हीच एक शिक्षा. अंतर्गळाला सरकारकडून ट्रस मिळे, म्हणजे गाठीवर दाब देणारा कमरपट्टा. तो घालून बग्गीची दांडी उचलली की गाठ पुन्हा बाहेर येई. ही दुखणी युद्धातच लागली हे सिद्ध करायला लष्करी इस्पितळाची नोंद हवी, नाहीतर अधिकाऱ्याचं किंवा दोन सोबत्यांचं प्रतिज्ञापत्र. हगवण लागलेले हजारो शिपाई इस्पितळात गेलेच नव्हते. ज्या सोबत्याने तंबूत पाहिलं होतं तो एक तर मेलेला, नाहीतर कॅन्ससला जमीन घेऊन गेलेला. दावे लोंबकळत ते इथे.

१८९०च्या कायद्याने ही अट काढली. ९० दिवसांची नोकरी, सन्मानाने सुटका आणि मेहनत न होण्याइतकं दुखणं, एवढं पुरे. दुखणं युद्धातलं असायची गरज नाही, फक्त व्यसनातून आलेलं नसावं. महिना ६ ते १२ डॉलर. तीन वर्षांत पेन्शनरांची संख्या साडेनऊ लाखांवर गेली. १९०४ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या आदेशाने वयच दुखणं मानलं गेलं, आणि १९०७च्या कायद्याने ६२ वर्षांना १२, ७० ला १५, ७५ ला २० डॉलर ठरले. डॉक्टरांची फेरी टळली, पण मग वयाचा पुरावा आला. जन्मनोंदणी नव्हतीच. घरच्या बायबलच्या पानावर लिहिलेली तारीख, जुन्या जनगणनेतली ओळ, असलं काहीतरी शोधायचं. त्यात सोळाव्या वर्षी अठरा सांगून भरती झालेली पोरं आता म्हातारी झालेली. पलटणीच्या नोंदीत एक वय, बायबलमध्ये दुसरं. पोरवयात मारलेली थाप पन्नास वर्षांनी प्रतिज्ञापत्र करून खुलासा मागत होती.

सगळ्यात जास्त सोसलं ते कृष्णवर्णीय शिपायांनी. उत्तरेच्या सैन्यात ते सुमारे १,७९,००० होते, आणि त्यांतले पुष्कळ गुलामीतून थेट पलटणीत आलेले. जन्माची नोंद नाही, लग्नाची नोंद नाही, आडनाव मालकाचं आणि नंतर बदललेलं. कायद्यात रंगाचा उल्लेख नव्हता, पण कागद मागणारा कायदा ज्याच्याकडे कागदच होऊ दिले नव्हते त्याला कसा लागू व्हायचा? त्यांचे दावे गोऱ्यांपेक्षा जास्त फेटाळले गेले. दक्षिणेच्या बाजूने लढलेल्यांना वॉशिंग्टनकडून काहीच नव्हतं. त्यांना त्यांच्या राज्यांनी जे थोडंफार दिलं ते.

बग्गी निघायची ती फक्त पैशासाठी नाही. १८६६ मध्ये इलिनॉयमधल्या डिकेटरला 'ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक' ही माजी सैनिकांची संघटना सुरू झाली आणि १८९० पर्यंत तिचे सभासद चार लाखांवर गेले. खेड्यापाड्यांतल्या मंडळांच्या सभा पुष्कळदा पौर्णिमेच्या शनिवारी किंवा तिच्या आधीच्या शनिवारी असत. कारण साधं, घरी परतताना रस्ता दिसावा. सभेची जागा मात्र अनेक गावांत दुकानाच्या माडीवर, जिना उभा. बग्गीतून कसाबसा उतरलेला माणूस त्या जिन्यापाशी अडे आणि खालीच घोड्याजवळ थांबे. मंडळांनी तळमजल्यावर जागा घ्यायला हवी होती, असं मला फार वाटतं. भाडं परवडत नव्हतं हे खरं, तरीही.

शिपायांसाठी सरकारी घरंही होती, ओहायोत डेटनला, आयोवात मार्शलटाउनला, इलिनॉयमध्ये क्विन्सीला. जेवण, दवाखाना, कपडे. पण केंद्र सरकारच्या घरांत बायकोला जागा नव्हती. ज्या बाईने वीस वर्षं घोड्याचं तोंड धरून नवऱ्याला बग्गीत चढवलं, तिला शेतावर एकटं टाकून जायचं? कित्येक म्हातारे त्यामुळे गेलेच नाहीत. विस्कॉन्सिनने १८८७ मध्ये वॉपाकाजवळ काढलेल्या घरात जोडप्यांना घेतलं. शहाणपणाचा निर्णय होता तो.

रस्ता कमी झाला तो टपालामुळे. १८९६ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात शेतापर्यंत टपाल पोचवायचा प्रयोग झाला आणि १९०२ मध्ये ती सेवा कायमची झाली. टपालवाला स्वतःच्या बग्गीतून येऊन फाटकावरच्या पेटीत चेक टाकू लागला. १९१२ मध्ये व्हाउचरच बंद झालं. आता ना नोटरी, ना साक्षीदार.

शिपाई तिमाहीच्या मध्येच वारला तर मधल्या दिवसांची पेन्शन बाकी राही. ती मागायला विधवेला वेगळा अर्ज करावा लागे. नवऱ्याचं प्रमाणपत्र, लग्नाचा पुरावा आणि पुन्हा दोन साक्षीदार. १८९०च्या कायद्याखाली तिला स्वतःला महिना ८ डॉलर मिळत, पण लग्न २७ जून १८९०च्या आधीचं असेल तरच. आणि तो अर्ज घेऊन ती निघे तेव्हा घोडा तिलाच जुंपावा लागे, आणि त्याच्या तोंडाशी धरायला आता कुणी नसे.